बिनफटीची जमीन

सुताराने आपलं गाव सोडलं ते बायकोच्या दम्यासाठी. पावसाळी गाव ते. वर्षातले आठ महिने भिंतींना ओल, गाद्यांना ओल आणि बायकोच्या छातीत शिट्ट्या. पाठीशी तीन उशा रचून ती बसल्या बसल्या झोपायची. शेवटी डॉक्टरने हात टेकले. म्हणाला, "औषधं किती दिवस देऊ? हवा बदला. कोरड्या जागी न्या त्यांना."

नेमका त्याच महिन्यात साडूचा फोन आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळवंटातल्या एका शहरात, त्याचा लाकूडकामाचा कारखाना होता.

"अरे, ये इकडे!" साडू म्हणाला. "शहर नुसतं वाढतंय आणि हातात कसब असलेला माणूस शोधून सापडत नाही. नोकर म्हणून नाही बोलावत, भागीदार म्हणून बोलावतोय. पाटीवर दोघांची नावं लावू. आणि इथली हवा! मेव्हणीबाई पहिल्याच आठवड्यात पळायला लागतील बघ."

सुताराने वीस वर्षांचा गाळा सोडला. अवजारांची पेटी तेवढी बरोबर घेतली आणि तीन दिवसांचा प्रवास करून दोघं नवरा-बायको त्या शहरात उतरली. फलाटावर पाय ठेवला तेव्हा गरम झोत असा अंगावर आला की सुताराने मागे वळून पाहिलं, इंजिन इतकं तापलंय की काय म्हणून. इंजिन पुढे होतं, शंभर पावलांवर.

साडूचं एक म्हणणं मात्र खरं ठरलं. बायकोची छाती मोकळी झाली. पहिल्या आठवड्यात नाही, पण महिन्याभरात ती आडवी होऊन झोपायला लागली. चार जिने चढून आली तरी तिला धाप लागेना. तिला हे शहर लगेच मानवलं. धुतलेली चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते, याचंच तिला किती कौतुक! थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. दुपारी दारं-खिडक्या लावून दोघी बहिणी गप्पा मारत पडायच्या आणि लहानपणीसारख्या खिदळायच्या.

सुताराचं मात्र अंग काही जुळेना. ओठ फुटले, टाचा फाटल्या, नाकातून रक्त यायचं. दुपारी नळाला हात लावावा तर चटका बसायचा. अंघोळीचं पाणी पहाटे भरून घरात निववावं लागायचं. दाराच्या कडीला हात लावला की बोटाला ठिणगी. खिडकीच्या चौकटीवरची वाळू सकाळी पुसली की संध्याकाळी पुन्हा बोटभर. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. पण बायको श्वास घेत होती ना, मग ठिणग्या काय आणि वाळू काय, होईल सवय, असं म्हणून तो कामाला लागला.

पहिलंच काम मोठं आलं. एका कॉलेजच्या प्राचार्यबाईंना जेवणाचं टेबल हवं होतं, बारा माणसं बसतील असं. साडूने नवीन आलेल्या गाडीतल्या फळ्या त्याच्यापुढे टाकल्या. "दाखव तुझा हात," म्हणाला. सुताराने दाखवला. पंधरा दिवस खपून त्याने असं टेबल केलं, की दोन फळ्यांमधला सांधा नखाला लागू नये. कारखान्यातले कारागीर येऊन त्यावर हात फिरवून जायचे. बोलायचं मात्र कुणी नाही. नव्या माणसाचा हेवा वाटत असेल, असं त्याने मनाशी धरलं.

सहा आठवड्यांनी, पाहुणे जेवायला बसलेले असताना, ते टेबल बंदुकीचा बार व्हावा तसं कडाडलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटलं. प्राचार्यबाईंच्या वृद्ध वडिलांच्या हातातलं ताट खाली पडलं.

साडू त्याला घेऊन त्यांच्या घरी गेला. भेगेपाशी त्याला उभं केलं, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि हसत हसत म्हणाला, "माफ करा बाई. आमचे साडूबुवा ओल्या मुलखातले. कोरड्या हवेचं काम त्यांना अजून ठाऊक नाही. शिकतील हळूहळू. टेबल मी स्वतः उभा राहून नवीन करून देतो."

सुतार मान खाली घालून उभा राहिला. टेबल त्याच्या हातचं होतं आणि फाटलेलं होतं.

त्यानंतर भागीदारीचा विषय निघेनासा झाला. पाटीवर एकच नाव राहिलं. सुताराच्या हातात रंधा-पटाशीऐवजी पॉलिश पेपर आला. दुसऱ्यांनी केलेली कामं घासायची आणि गाडीत चढवायची. कारागिरांनी त्याचं नाव 'ओल्या' पाडलं. "ओल्या, जरा सरक." "ओल्या, तुझ्या घामाने फुगेल हं ते कपाट!" आणि साडूने काय करावं? त्या टेबलाची फाटकी फळी आपल्या ऑफिसात भिंतीवर टांगली. नवीन गिऱ्हाईक आलं की चहा मागवायचा आणि फळीकडे बोट करायचं. "हे आमच्या साडूबुवांचं पहिलं काम. आम्ही कसं काम करत नाही, ते दाखवायला ठेवलंय." गिऱ्हाईक हसायचं. बाहेर कपाट घासणाऱ्या सुताराला ते हसू काचेतून दिसायचं.

परत जावं म्हटलं तर बायकोचा श्वास आडवा येत होता. दीड वर्ष त्याने मूग गिळून काढलं.

मग कारखान्यातला म्हातारा पॉलिशवाला काम सोडून लेकीकडे राहायला निघाला. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सुताराच्या शेजारी येऊन बसला. डबा उघडला. मग म्हणाला, "एक गोष्ट गळ्याशी अडकलीय माझ्या. ती इथे ठेवूनच जातो."

"बोला ना काका."

"ते तुझं टेबल. त्याच्या फळ्या चार दिवसांपूर्वी गाडीतून उतरल्या होत्या. इथे आलेलं लाकूड आम्ही सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, तीन महिने रचून ठेवतो. इथली हवा त्यातला ओलावा शोषून घेते, मगच त्याला करवत लावायची. हे इथल्या झाडूवाल्यालासुद्धा माहीत आहे."

सुताराचा घास तसाच राहिला. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"शेठनी बजावलं होतं सगळ्यांना. म्हणाले, ह्याला काही सांगायचं नाही. कसब आहे ह्याच्या हातात, आज ना उद्या वेगळा निघेल आणि माझीच गिऱ्हाइकं घेऊन जाईल. एकदा चारचौघांत तोंडघशी पडला की जन्मभर माझ्या हाताखाली राहील." म्हाताऱ्याने डब्याचं झाकण लावलं. "मीही गप्प बसलो. मला शिव्या दे हवं तर."

सुताराने त्याला शिव्या दिल्या नाहीत. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती म्हाताऱ्यावर वाया घालवायची नव्हती. तो उठला, हात धुतले आणि संध्याकाळपर्यंत एक पलंग इतका घासला की मुकादमाला त्याच्या हातातून पेपर काढून घ्यावा लागला. बायकोला तो काहीच बोलला नाही. तिच्या पोटात राहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताईच्या कानावर गेलं असतं, आणि ताईकडून साडूच्या.

आता तो साडूकडे पाहायला शिकला. साडू बोलतो काय, विसरतो काय, त्याला काय येतं आणि काय येत नाही. साडू स्वतः सुतार नव्हताच. कोरड्या हवेत लाकूड आकसतं एवढं एकच ज्ञान त्याने ह्या शहरात कमावलं होतं, आणि त्यावरच त्याचा सगळा डोलारा उभा होता.

चार महिन्यांनी साडूला आजवरचं सगळ्यांत मोठं काम मिळालं. मुलींच्या एका मोठ्या शाळेने बंदिस्त क्रीडागृह बांधलं होतं. त्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी जमीन घालायची होती. साडूने आजवर टेबलं, कपाटं, पलंग केले होते, जमीन कधी घातली नव्हती. कारखान्यातही ती कुणाला येत नव्हती. सुताराने मात्र गावाकडे दोन नाचाच्या शाळांमध्ये अशी जमीन घातली होती, हे साडूला माहीत होतं.

"काय साडूबुवा," तो म्हणाला, "एक संधी देऊ म्हणतो तुम्हाला. या वेळी लाकूड पाच महिने सुकवलेलं आहे, घाबरू नका. फाटलं तर मात्र दुसरी फळी टांगायला भिंतीवर जागा नाही."

"तुम्ही म्हणाल तसं करतो," सुतार म्हणाला.

जागा बघायला ते दोघं आणि शाळेच्या इंजिनीअरबाई असे तिघं गेले. बाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात सतत वही. क्रीडागृहात शिरताच सुताराला काहीतरी ओळखीचं वाटलं. काय ते चटकन कळेना. मग लक्षात आलं, वास! ओल्या गवताचा, भिजलेल्या पोत्याचा, त्याच्या गावच्या भिंतींचा वास. त्याने वर पाहिलं. छताशी खोलीएवढे सहा कूलर बसवले होते आणि त्यांतल्या एकाची चाचणी चालू होती. गवताच्या जाळ्यांवरून पाणी ठिबकत होतं आणि त्यातून थंड, दमट वारा खाली येत होता.

"हे सहाही चालणार?" त्याने विचारलं.

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत," बाई म्हणाल्या. "नाहीतर मुली उन्हाळ्यात खेळणार कशा?"

सुताराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेर वाळवंट असेल, पण ह्या चार भिंतींच्या आत कायमचा पावसाळा राहणार होता. पाच महिने सुकवून ठणठणीत कोरडं केलेलं लाकूड इथे आणलं की ते तहानलेल्या माणसासारखं पाणी पिणार, आणि प्यायलं की फुगणार. गावाकडे तो जमिनीच्या कडेने, भिंतीला लागून, चार बोटं फट सोडायचा आणि वरून पट्टीने झाकायचा. फुगलेल्या लाकडाला सरकायला जागा हवी. जागा नसेल तर ते वर उठतं.

साडू वर बघतच नव्हता. तो पावलं टाकून लांबी मोजत होता. "बाई, अशी जमीन घालून देतो की दोन फळ्यांत कागदसुद्धा जाणार नाही. भिंतीलाही अगदी चिकटून."

सुतार पुढे झाला आणि बाईंना नीट ऐकू जाईल असं बोलला, "दादा, कडेने फट सोडू का चार बोटं?"

"फट?" साडू मोठ्याने हसला. "पहिल्या टेबलाने पोट भरलं नाही वाटतं?"

बाईंनी वहीतून मान वर केली. "फट कशासाठी?"

तो क्षण सुताराला पुढे कधीच विसरता आला नाही. बाई त्याच्याकडे बघत होत्या. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. कूलरकडे नुसतं बोट केलं असतं तरी त्या समजल्या असत्या.

"आमच्याकडे सोडतात," तो म्हणाला.

"त्यांच्याकडे म्हणजे पावसात!" साडू म्हणाला. "तिकडे माणसंसुद्धा फुगतात. इथे नको ते. एक केसही जाता कामा नये, समजलं?"

"समजलं," सुतार म्हणाला. बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

एकोणीस दिवस तो त्या कामावर खपला. एवढं सुबक काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. एकेक फळी दुसरीच्या खाचेत बसवायची, वर लाकडी ठोकळा धरायचा आणि हातोडीने ठोकायची. "फट नको म्हणालात ना?" तो मनात म्हणायचा आणि आणखी एक घाव घालायचा. शेवटची फळी भिंतीशी इतकी घट्ट बसली की ती आत जायला चार माणसांचा जोर लागला. साडू येऊन गुडघ्यावर बसला, खिशातून कागद काढून सांध्यात घालून बघितला. गेला नाही. "वा!" तो म्हणाला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने सुताराची पाठ थोपटली. त्या जागी दिवसभर काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं सुताराला.

उद्‌घाटनाला तीन आठवडे होते. कूलर सुरू झाले. सुतार रोज चहाच्या सुट्टीत क्रीडागृहात चक्कर मारायचा; पहारेकरी त्याला ओळखत होता. बूट काढून तो आत जायचा, उकिडवा बसायचा आणि तळहात जमिनीवर टेकायचा. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी सांधे इतके मिटले होते की त्यांची रेघ दिसेना. अकराव्या दिवशी मधोमध पाय ठेवला तेव्हा खालून पोकळ आवाज आला. आपल्याच पोटातून आनंदाची उकळी फुटतेय हे त्याला जाणवलं आणि त्याला स्वतःची जराही लाज वाटली नाही.

सतराव्या दिवशी सकाळी शाळेतून फोन आला. साडू ऑफिसात एका गिऱ्हाइकाला फळीचा किस्सा सांगत होता. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. सुतार आणि चार कारागीर यांना गाडीत घालून तो शाळेत पोचला.

क्रीडागृहाच्या मधोमध जमीन उठून उभी होती. गुडघ्याएवढा उंचवटा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खाली कुणी झोपलंय आणि वर चादर ताणलीय असा. पलीकडच्या भिंतीचा गिलावा ढलप्या होऊन पडला होता. दारात मुलींची गर्दी होती. त्यातल्या एकीने चेंडू सोडला. तो उंचवट्यावरून घरंगळत येऊन थेट साडूच्या पायाशी थांबला, आणि दारातून खुदकन हसू आलं.

"ह्याने घातलीय!" साडूने सुताराकडे बोट केलं. "ह्याच्याच हातची आहे. आधीही ह्याने असंच माझं नाक कापलं होतं—"

"एक मिनिट," इंजिनीअरबाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली. "ह्यांनी चार बोटं फट सोडू का म्हणून विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. मी तारखेसकट लिहून ठेवलंय."

साडूने रोखलेलं बोट खाली घेतलं.

"आता हे नीट कसं होणार ते सांगा," बाई म्हणाल्या. "चार दिवसांवर कार्यक्रम आहे."

साडूने कारागिरांकडे पाहिलं. कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा फिरून सुताराकडे आल्या.

"होईल," सुतार म्हणाला. "चार दिवसांत नाही, दहा दिवसांत. पण हात लावायच्या आधी मला दादांना तीन प्रश्न विचारायचेत. इथेच, सगळ्यांसमोर."

"हे काय आता नाटक?" साडू म्हणाला.

"विचारू द्या," बाई म्हणाल्या.

सुतार साडूसमोर जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट इतका खाली आला होता की मागचे कारागीर दोन पावलं पुढे सरकले. "माझ्या पहिल्या टेबलाचं लाकूड कारखान्यात येऊन किती दिवस झाले होते?"

"मला कसं आठवणार—"

"मग मी माझी पेटी घेऊन घरी जातो. जमीन तुम्ही बसवा."

साडूच्या कपाळावर घाम आला. सहा कूलर चालू असताना. "चार दिवस," तो म्हणाला.

"किती दिवस सुकवायला हवं होतं?"

"तीन महिने."

"तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

साडूने दाराकडे पाहिलं. कारागिरांपैकी कुणीतरी खाकरलं.

"माहीत होतं का?"

"होतं," साडू म्हणाला. "होतं माहीत. झालं समाधान?"

"झालं," सुतार म्हणाला आणि त्याने पेटी उघडली. त्याला खरंच समाधान झालं होतं.

दहा दिवसांत त्याने कडेच्या फळ्या काढल्या, उंचवटा मोकळा करून बसू दिला, भिंतीपासून चार बोटं फट ठेवली आणि वर पट्टी ठोकली. जमीन आरशासारखी झाली. इंजिनीअरबाई अनवाणी चालून बघत गेल्या. परत येऊन त्याच्यासमोर थांबल्या.

"ही फुगणार हे तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मी विचारलं होतं बाई, फट सोडू का म्हणून."

"विचारलं होतंत. सांगितलं नव्हतंत. मी कारण विचारलं तेव्हा तुम्ही वर कूलरकडे पाहिलंत आणि मग खाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं." त्यांनी वही मिटली. "काम अप्रतिम आहे. तुमच्या साडूंना शाळेचं काम पुन्हा मिळणार नाही. तुम्हालाही नाही."

त्याने अवजारं पेटीत भरली आणि घरची वाट धरली.

घरी बायको वाट बघत बसली होती. ताईकडून तिला सगळं कळलं होतं, टेबलाचं आणि जमिनीचंही.

"खरं सांगा," ती म्हणाली, "जाणूनबुजून केलंत?"

"हो."

"भाऊजींनी केलं ते वाईटच. ऐकलं तेव्हा माझ्याही अंगाचा तिळपापड झाला. पण पाच महिने एका घरात राहून मला चकार शब्द बोलला नाहीत?"

"तू ताईला सांगितलं असतंस."

तिने जरा विचार केला. "सांगितलं असतं," ती म्हणाली. "आणि ताईने भाऊजींना. मग त्यांनी फट सोडली असती आणि सगळं निभावलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"ताई काल माझ्यापुढे रडली हो. तिला टेबलाचं तरी कुठे माहीत होतं? ज्या बहिणीने मला इथे श्वास दिला, तिला उद्या मी काय तोंड दाखवू?"

तो जेवला, हात धुतले आणि पाठ करून पडला. त्या दिवसापासून बायको त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागली. ताईकडे जाणं तिने सोडलं नाही. तिथे त्या काय बोलायच्या, ते तिने त्याला कधी सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही.

महिन्याभरात सुताराने पत्र्याची एक शेड घेतली. साडूच्या कारखान्यातले दोन कारागीर आपणहून त्याच्याकडे आले. ते त्याला आता मिस्त्री म्हणायचे. प्राचार्यबाईंनी माणूस पाठवून नवीन टेबल सांगितलं. जागा त्याने हुडकून हुडकून घेतली होती. साडूच्या कारखान्याला जाणारा तो एकच रस्ता, आणि शेड अगदी त्याच्या कडेला. रोज सकाळी नऊ वाजता साडूची गाडी समोरून जायची. काच वर असायची, मान सरळ असायची. सुतार हातातला रंधा थांबवायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचा.

एकदा बायको डबा घेऊन आली. शेडमधल्या सगळ्या कामांवर धुळीचा पिवळा थर बसला होता. तिने पदराने एक फळी पुसली.

"कामाचं बाक आतल्या भिंतीकडे फिरवा की," ती म्हणाली. "रस्त्याची सगळी धूळ येतेय."

"येऊ दे," तो म्हणाला. नऊ वाजायला पाच मिनिटं होती. त्याने हात झटकले आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.